मांजराच्या पिल्लाला काय द्यावं: दूधभात, चिकन, पाऊच की कोरडे दाणे?

पिल्लू जेमतेम दोन महिन्यांचं, शी पातळ होतेय आणि वाटीत काहीही ठेवलं तरी नुसतं हुंगून मागे सरतंय. अशा वेळी घरात चार मतं निघतात. आजी म्हणते दूधभात घाल, शेजारच्या काकू म्हणतात चिकन उकड, दुकानदार मांजरांच्या तयार ओल्या खाण्याचा पाऊच पुढे करतो, आणि कोरड्या दाण्यांची पिशवी तर आधीच आणलेली असते. आमच्या पिल्लाच्या, भुरीच्या वेळी आम्ही हे सगळं करून पाहिलं. जिन्याखाली सापडली तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६४० ग्रॅम भरली होती. या वयाला आठशेच्या आसपास भरायला हवी.

आधी दूध बाद करा. गाईच्या दुधात साधारण ५ टक्के लॅक्टोज (दुधातली साखर) असतं आणि आईचं दूध सुटत जातं तशी ते पचवायची पिल्लाची ताकद कमी होते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, की झाले जुलाब. भुरी बशी चाटूनपुसून लख्ख करायची, म्हणून तिला दूध मानवतंय असं आम्ही धरून चाललो होतो. मानवत नव्हतं. चार आठवड्यांच्या आतलं, आई नसलेलं पिल्लू असेल तर मांजरांसाठी मिळणारी दूध पावडरच आणा. भाताने पोट भरतं, पण वाढीला लागणारं त्यात फारसं काही नाही. सुकटीत मीठ फार, तीही नको.

उकडलेलं चिकन पोटाला हलकं, आणि त्याच्या वासाने रुसलेलं पिल्लूही बहुधा तोंड लावतं. बिनहाडाचं घ्या, मीठ-मसाला काही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पण हे दोन-चार दिवसांपुरतंच. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं, त्यामुळे त्यावरच वाढवलेल्या पिल्लाची हाडं इतकी ठिसूळ होतात की साध्या उडीत मोडतात. दुसरी अडचण टॉरीनची. मांसातून मिळणारं हे पोषकद्रव्य मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, आणि उकडताना ते बरंचसं पाण्यात उतरतं. म्हणून ते पाणी फेकू नका, चिकनवरच घाला. टॉरीन कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू दोन्ही खराब होतात. हृदयाचा हा संबंध कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला.

पाऊचमध्ये पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं, आणि जुलाबाने सुकलेल्या पिल्लाला तेच हवं असतं. मात्र पाकिटावर ‘किटन’ आणि ‘कम्प्लीट’ हे दोन्ही शब्द बघूनच घ्या. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे. पाऊच महाग पडतो आणि उन्हाळ्यात तासाभरात वाटी उचलावी लागते. फ्रिजमधलं तसंच पुढे ठेवलं तर वासच येत नाही, आणि मांजर वासावर जेवतं. वाटी गरम पाण्यात धरून कोमट करून द्या. भुरी नुसता रस चाटायची आणि तुकड्यांभोवती पंजाने फरशी खरवडायची, जणू पुरून टाकतेय. तेच तुकडे काट्याने कुस्करले तर मुकाट्याने खायची.

कोरडे दाणे स्वस्त, दिवसभर टिकतात, पण पाणी जेमतेम १० टक्के. बरं झालेल्या पिल्लाला ठीक. आजारी असेल तर कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवूनच.

माझं मत विचाराल तर मुख्य जेवण किटन पाऊच, वर चवीपुरता चिकनचा चुरा, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. नव्या खाण्यावर सात ते दहा दिवसांत हळूहळू आणा. आज हे, उद्या ते करत राहिलात तर त्यानेच पोट आणखी बिघडतं. आम्ही नेमकी हीच चूक केली.

मात्र खाणं बदलण्याआधी शी तपासून घ्या. आमच्याकडे एका सकाळी शेवयांसारखे पांढरे जंत दिसले तेव्हा कुठे उलगडा झाला. हे गोलकृमी आईच्या दुधातूनही पिल्लात येतात, म्हणून जंताचं औषध दर दोन आठवड्यांनी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून द्यावं लागतं. जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी निघाले तर कुठल्याही पाऊचने जुलाब थांबणार नाहीत. ताजी शी डबीत घालून सोबत न्या.

बारा तास पोटात काहीच गेलं नाही, उलट्या होताहेत, शीमध्ये रक्त आहे किंवा पिल्लू मलूल पडलंय, तर सकाळची वाट पाहू नका. लस न झालेल्या पिल्लात तो पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो, आणि त्यात काही तासांत हातचं पिल्लू जातं. घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

पोट सुधारतंय का हे काटाच नेमकं सांगतो. रोज एका ठरावीक वेळी, जेवणाआधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. या वयात आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. आकडा दोन दिवस जागचा हलला नाही, तर ते पान घेऊनच डॉक्टरांकडे जा.