सोनेवा फुशी: व्हिलापेक्षा कचऱ्याचं आवार बघून पटलेलं रिसॉर्ट

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून यंदा मालदीवला गेलो, पाच रात्री. त्यातल्या दोन सोनेवा फुशीला आणि तीन शेजारच्या धरवंधू बेटावर साध्या गेस्टहाऊसमध्ये, कारण पाचही रात्री सोनेवाला काढायच्या तर घराचे हप्ते थांबवावे लागले असते. परत आल्यापासून सगळे एकच विचारतायत, एवढे पैसे घालवण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच नीट सगळं लिहून टाकते.

आधी पैशाचंच. एका रात्रीचं भाडं लाखाच्या वर, सीझनमध्ये दोन लाखांच्याही सहज पुढे. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, १७ टक्के टुरिझम जीएसटी आणि माणशी रोजचा १२ डॉलर ग्रीन टॅक्स, शिवाय विमान आणि सी-प्लेन वेगळं. बुकिंग करताना सगळे कर धरूनच आकडा मागा, नाहीतर शेवटी बिल बघून तोंडाला फेस येतो. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं हे आमच्या एजंटने सांगितलंच नव्हतं, मुंबईची फ्लाइट संध्याकाळी उतरली आणि ठरलेल्या पाच रात्रींआधी एक जास्तीची रात्र राजधानी मालेजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात गेली, ती पण आमच्या खर्चाने. त्यामुळे सकाळची फ्लाइटच घ्या. किंवा मालेहून धरवंधूला देशांतर्गत विमानाने जा, तिथून स्पीडबोटने दहा-बारा मिनिटांत बेट येतं, आणि ही विमानं रात्रीपण असतात.

बेटाचं खरं नाव कुनफुनाधू, बा अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे प्रवाळाच्या बेटांचं कडं), मालेपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. साधारण दीड किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटरसुद्धा रुंद नाही, पण आत शिरलात की जंगलच. बोटीत बसतानाच चपला काढून एका कापडी पिशवीत घालतात आणि ती पिशवी निघायच्या दिवशीच परत मिळते. "नो न्यूज, नो शूज" हे यांचं पहिल्यापासूनचं ब्रीद. दोन दिवस अनवाणी, सायकलवर, वाळूच्या पायवाटांवरून. माझ्या टाचा दुखतात म्हणून मला धाकधूक होती पण मऊ वाळूत उलट बरं वाटलं. घड्याळ पण मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, म्हणजे संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळतो, गंमत आहे पण बोटीच्या आणि विमानाच्या वेळा विचारताना "कुठल्या घड्याळाने?" हे विचाराच.

आता कंपनीबद्दल, कारण मला खरं तिच्याबद्दलच लिहायचंय. सोनू शिवदासानी हे भारतीय वंशाचे, त्यांची बायको इव्हा मूळची स्वीडनची. सोनू अधिक इव्हा म्हणजे सोनेवा. हे बेट ओसाड पडलं होतं, आधी इथे एक रिसॉर्ट चालून बंद पडलेलं, मालेपासून इतकं लांब कोण येणार असं सगळ्यांना वाटायचं. या दोघांनी ते भाड्याने घेतलं आणि १९९५ मध्ये सोनेवा फुशी सुरू केलं. मालदीवमध्ये टुरिझम सुरू झालं ते १९७२ ला, म्हणजे हे काही पहिले नाहीत, पण झाडं न तोडता, लाकूड-बांबू-वाळूत राहून एवढे पैसे घेता येतात हे यांनी फार लवकर दाखवलं आणि नंतर कितीतरी जणांनी त्याची नक्कल केली.

या कंपनीची वाढ कशी झाली ते बघितलं तर मला ते फार आवडलं. यांचाच दुसरा ब्रँड होता सिक्स सेन्सेस, तो भराभर वाढला, बऱ्याच देशांत गेला. २०१२ मध्ये यांनी तो विकून टाकला, एका अमेरिकन फंडाला. त्या फंडाने तो २०१९ मध्ये आयएचजी या हॉटेल कंपनीला ३० कोटी डॉलरला विकला, आपल्याकडे रणथंबोरजवळ बरवाड्याच्या किल्ल्यात जे आहे ते सिक्स सेन्सेसच. म्हणजे मोठं व्हायचा सरळ रस्ता हातात होता, तो सोडून हे दोघं परत आपल्या बेटावर आले. त्याच सुमाराला मालदीवमधलंच त्यांचं दुसरं रिसॉर्ट सोनेवा गिलीपण हातातून गेलं, ते आता गिली लंकनफुशी. थायलंडला कोह कूड बेटावर सोनेवा किरी २००९ चं. मग नूनू अटॉलमध्ये सोनेवा जानी २०१६ ला, आणि २०२४ ला पार उत्तरेकडे सोनेवा सिक्रेट, तिथे फक्त १४ व्हिला. तीस वर्षांत एवढंच! आपल्याकडे एक मिसळ चालली की तीन वर्षांत तीस फ्रँचायझी निघतात आणि तिसाव्या ठिकाणी तर्रीला चव नसते. यांनी ती चूक केली नाही.

रूम, बाथरूम, सर्व्हिस हे सगळं उत्तमच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही, एवढ्या पैशात ते असायलाच हवं. उघड्यावरची न्हाणीघरं मला फार आवडली, डोक्यावर आभाळ आणि बाजूला केळी. आइस्क्रीम आणि चॉकलेटची खोली आहे तिथे कधीही जा, कितीही खा, वेगळे पैसे नाहीत. शाकाहारी लोकांनी काळजी करू नये, भाजीच्या मळ्यावर उंच बांधलेलं एक रेस्टॉरंट आहे, खाली जे पिकतं त्यातलं बरंच ताटात येतं. मी तिथे खाल्लेली भोपळ्याची एक साधीशी डिश अजून आठवते.

पण मला जिंकलं ते कचऱ्याच्या आवाराने. त्याला इको सेंत्रो म्हणतात, पाहुण्यांना फिरवून दाखवतात, विचारलंत तर. मालदीवमध्ये कचरा म्हणजे काय प्रश्न आहे हे कळायला थिलाफुशी माहीत पाहिजे, मालेजवळचं ते बेट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कचऱ्याच्या भरावावर वाढत गेलं आणि कितीतरी वर्षं तिथे उघड्यावर कचरा जळत होता. बहुतेक ठिकाणचा कचरा बोटीत घालायचा आणि नजरेआड करायचा एवढाच मार्ग. इथे तसं नाही. उरलेलं अन्न खत होऊन मळ्यात जातं. झाडांच्या फांद्यांचा कोळसा होतो. थर्माकोल, जे आपल्याकडे गणपतीनंतर नाल्यात दिसायचं, ते भरडून सिमेंटमध्ये घालून हलक्या विटा करतात. बाटल्यांची काच त्यांच्याच भट्टीत वितळवून त्याचे ग्लास, दिवे, शोभेच्या वस्तू, आणि त्या बाहेर विकायला पण असतात. कंपनी म्हणते ९० टक्के कचरा परत वापरात येतो. मी काही वजन करून बघितलं नाही, पण त्या आवारात तासभर उभी होते आणि वास आला नाही, माश्या नव्हत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी आणि नाकाने सांगते. माझं माहेर मालवणचं, किनाऱ्यावर सकाळी काय काय लागलेलं असतं ते मी लहानपणापासून बघतेय, म्हणून मला हे बघताना गलबलून आलं.

पाण्याचं पण तसंच. २००८ पासून बाहेरचं बाटलीबंद पाणी बंद, समुद्राचं पाणी गोडं करून काचेच्या बाटल्यांत भरतात आणि त्या विक्रीतला वाटा जगभरात पिण्याच्या पाण्याच्या कामांना जातो. प्लास्टिकच्या स्ट्रॉ त्यांनी १९९८ मध्येच बंद केल्या, आपल्या महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली ती २०१८ ला, म्हणजे बरोबर वीस वर्षं आधी.

डासांचं ऐका, हे आपल्याला पण उपयोगाचं आहे. मालदीवमध्ये बाकी ठिकाणी सरसकट धुरळणी करतात, त्यात डासांबरोबर फुलपाखरं, मधमाश्या सगळंच मरतं. इथे २०१९ पासून जर्मन कंपनीचे सापळे लावलेत, पाचशेच्या वर. एका प्रकारात यीस्ट आणि साखर आंबवून कार्बन डायऑक्साइड सोडतात, डासाला वाटतं माणूस श्वास घेतोय, आणि तो आत शिरतो. डास ९८ टक्के कमी झाले असं ते सांगतात. आम्ही ऐन पावसाळ्यात होतो आणि दोन रात्रींत मला एकही चावला नाही.

आता जे खटकलं ते. इतक्या लांब विमानाने यायचं आणि पर्यावरणाच्या गप्पा मारायच्या, हे कसं? हा प्रश्न माझ्या मुलीने निघायच्या आधीच विचारला होता आणि तो रास्त आहे. कंपनी निदान लपवत नाही, त्यांच्या कार्बनच्या हिशोबात पाहुण्यांचा विमानप्रवास धरलेला असतो आणि सगळ्यात मोठा वाटा त्याचाच आहे. त्यासाठी २००८ पासून प्रत्येक बिलावर २ टक्के सक्तीने लावतात. त्या पैशातून तामिळनाडूत पवनचक्की उभी राहिली, सुदानमधल्या डारफुरला आणि म्यानमारमध्ये कमी धुराच्या शेगड्या गेल्या, उत्तर थायलंडमध्ये पाच लाखांच्या आसपास झाडं लागली. चांगलंच आहे, पण झाड मोठं व्हायला वीस वर्षं लागतात आणि धूर आज सुटतो. मला वाटतं २ टक्के कमी आहेत, जो माणूस एका रात्रीचे दोन लाख देतो तो पाच टक्के पण देईल.

दुसरं म्हणजे पाण्यावरचे व्हिला. जानीला छतावरून थेट समुद्रात घसरगुंडी, आता फुशीला पण तसे व्हिला झालेत, जगातले सगळ्यात मोठे एक-दोन बेडरूमवाले म्हणून जाहिरात करतात. बेटं थोडी ठेवली पण घरं फुगवत नेली, ही वाढ मला पटत नाही. एका जोडप्याला एवढ्या जागेत करायचंय काय? जमिनीवरचे, झाडांतले जुने व्हिला घ्या, खरं सोनेवा तेच आहे, आणि पैसे पण कमी.

कधी जायचं? लोक डिसेंबर ते मार्च जातात आणि तेव्हाच भाव चढलेले असतात. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, मधूनमधून पाऊस, पण जवळच्याच हनिफारू बेमध्ये मांटा माशांचा हाच सीझन, साधारण जून ते नोव्हेंबर. बा अटॉल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे, हनिफारूला स्कुबा बंद, फक्त स्नॉर्कल (तोंडात नळी धरून वरवर पोहत बघायचं), एकावेळी ८० माणसं आणि ४५ मिनिटं, रेंजर लक्ष ठेवून असतो. आम्ही धरवंधूहून गेलो, खर्च रिसॉर्टच्या तुलनेत अगदीच किरकोळ आणि मासे तेच! तोंड उघडून गोल गोल फिरणाऱ्या सतरंजीएवढ्या मांटा, माझ्या नवऱ्याने पाण्यातच माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

धरवंधूला गेल्यावर सोनेवाचं अजून एक काम कळलं. २०१९ पासून धरवंधू, मालहोस आणि किहाधू या तीन बेटांबरोबर ते मिळून काम करतात, उघड्यावर कचरा जाळणं थांबवायचं आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक कमी करायचं. त्याचं नाव "नमूना बा". आम्ही गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंना विचारलं नमूना म्हणजे काय, तर त्या म्हणाल्या आदर्श, इतरांनी बघून करावं असं. मी म्हटलं अहो आमच्या मराठीत पण नमुनाच म्हणतात! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सून, शेजारीण, सगळ्यांना बोलावून माझ्याकडून तो शब्द परत म्हणवून घेतला, आणि मग मागच्या अंगणात नेऊन ओला, सुका, काच, पत्रा अशा ओळीने लावलेल्या बादल्या दाखवल्या.