तुर्भ्यातला ‘प्रेस’ सेट: काय घ्यावं, काय परत करावं

तुर्भे एमआयडीसीत सेफ्टीचं सामान ठेवणाऱ्या एका गाळ्यात निळं ‘प्रेस’ जॅकेट, हेल्मेट आणि दोन सिरॅमिक प्लेट्स असा सेट मिळतो, विकत किंवा भाड्याने. युद्धभूमीवर जाणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या फ्रीलान्सरांची मोठी सोय झाली. पण काउंटरवर ‘गोळी अडवतं’ एवढंच सांगतात आणि घोळ तिथेच आहे.

नुसतं जॅकेट लेव्हल थ्री-ए आहे. पिस्तुलाची गोळी आणि स्फोटाचे बारीक तुकडे अडतील, रायफलची गोळी आरपार जाईल. तिच्यासाठी प्लेट हवी. प्लेटमागचं लेबल वाचा: ‘स्टँडअलोन’ असेल तर ती एकटी पुरते, ‘आयसीडब्ल्यू’ (इन कंजंक्शन विथ, म्हणजे जोडीनेच वापरायची) असेल तर मागे जॅकेटचं मऊ पॅनेल हवंच. लेव्हल थ्रीची चाचणी 7.62 मिमीच्या साध्या नाटो गोळीवर होते. पोलादी टोकाच्या 5.56 मिमी गोळीची हमी त्यात नाही. हे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयजे या संस्थेच्या नव्या मानकात त्यासाठी आरएफ-2 हा वेगळा दर्जा आहे. हेल्मेटही थ्री-ए दर्जाचंच, म्हणजे रायफलपुढे त्याचा भरवसा नाही.

भाड्याची प्लेट घेऊच नका. सिरॅमिक एकदा आपटलं की आत चीर जाते आणि ती वरून दिसत नाही. एक्स-रे रिपोर्ट गाळ्यात मिळत नाही. मऊ पॅनेलचं सीलबंद कव्हर उसवलेलं दिसलं तर तेही परत करा, आपल्या दमट हवेत आत ओल शिरते. घालून पाहताना प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळगीशी यायला हवी. खांद्याचे पट्टे सैल राहिले की प्लेट पोटावर उतरते आणि छातीचा वरचा भाग उघडा पडतो.

हे सगळं भरकटलेल्या गोळीसाठी. नेम धरलेला असेल तर? 11 मे 2022 ला वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये अल जझीराच्या पत्रकार शिरीन अबू अक्लेह यांच्या अंगावर प्रेस जॅकेट होतं, डोक्यावर हेल्मेट होतं. गोळी डोक्यातच लागली. ती आपल्याच सैनिकाची असण्याची दाट शक्यता इस्रायली सैन्याने सप्टेंबरमध्ये मानली, पण ‘चुकून’ म्हणून. 13 ऑक्टोबर 2023 ला दक्षिण लेबनॉनमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेचे पत्रकार इसाम अब्दल्ला मारले गेले. रॉयटर्सच्या तपासानुसार इस्रायली रणगाड्याचे दोन गोळे 37 सेकंदांच्या अंतराने आले. पत्रकारांना लक्ष्य करत नाही, असं सैन्य म्हणतं. पहिला गोळा चूक मानला तरी दुसऱ्याचं काय, हा प्रश्न सुटत नाही. जिनिव्हा करारांच्या पहिल्या जादा प्रोटोकॉलचं कलम 79 पत्रकाराला नागरिकच मानतं.

म्हणून या सेटचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे ‘प्रेस’ ही अक्षरं शिवलेली आहेत. वेल्क्रोची पट्टी हवी. ही अक्षरंच गोळीला आमंत्रण देतात असा संशय जिथे आहे, तिथे ती क्षणात काढता आली पाहिजेत. टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला आवळून बांधायचा पट्टा, तोही सेटमध्ये नाही, वेगळा घ्या. बुलेटप्रूफ जॅकेट डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या यादीत येतं, तेव्हा देशाबाहेर नेण्याआधी कागदपत्रांची चौकशी करा.

जॅकेट-हेल्मेट घ्यायला हरकत नाही. प्लेट्स मात्र नव्या, लेबलवर दर्जा आणि बॅच नंबर असलेल्याच मागा.