मेडिकल कॅनाबिसचा खर्च इन्शुरन्समधून मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा, आमच्या ताईच्या बाबतीत काय झालं ते लिहितोय

ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस आहे, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, बरीच वर्षं झाली आता. पाय ताठ होतात, रात्री स्नायू असे आवळून येतात की झोप लागत नाही, स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन चालू आहे पण डोस वाढवला की दिवसभर गुंगीत. म्हणून कॅनाबिसच्या, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडाच्या, औषधाबद्दल तिने चौकशी केली आणि त्यात काही वेडेपणा नव्हता हे आधीच सांगतो. एमएसमधल्या याच ताठरपणासाठी नॅबिक्सिमॉल्स नावाचा तोंडात मारायचा स्प्रे आहे, एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी (झाडातलं नशा आणणारं द्रव्य) आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी (नशा न आणणारं) असतं, बऱ्याच देशांत तो रीतसर मंजूर आहे. आम्हाला लुबाडलं ते विम्याच्या नावावर. असल्या आजारात औषध महिनोन्‌महिने घ्यायचं असतं, खर्च सगळा खिशातून जातो, अशावेळी कुणी म्हणालं की यातले बरेचसे पैसे परत मिळतील तर घरातले सगळे कान टवकारतात, आणि या लोकांना ते पक्कं माहीत असतं.

पेशंट लोकांच्या एका चॅट ग्रुपमध्ये एका बाईंनी ताईला वेगळा मेसेज केला. पेशंट कोऑर्डिनेटर म्हणून ओळख दिली. पहिले काही दिवस पैशाचं नावसुद्धा काढलं नाही, फक्त तब्येतीची विचारपूस, कुठलं औषध चालतं, झोप लागते का, घरी कोण बघतं. मग हळूच सांगितलं की मेडिकल कॅनाबिस घेणाऱ्या पेशंटसाठी एक हेल्थ कव्हर आहे, आधी मेंबरशिप घ्यायची, मग वर्षाचा प्रीमियम भरायचा, औषध त्यांच्याकडूनच घ्यायचं आणि बिल पाठवलं की ऐंशी टक्के रक्कम खात्यात जमा. आधीपासूनचा आजार चालतो, वेटिंग पिरियड नाही, मेडिकल टेस्ट नाही. पाचेक मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला एका डॉक्टरशी, ज्याने बॅक्लोफेनबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि लगेच प्रिस्क्रिप्शन आलं, त्यामागोमाग एक सर्टिफिकेट, त्यावर एका खऱ्या विमा कंपनीचा लोगो, पॉलिसी नंबर, क्यूआर कोड, सगळं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलोय. या लोकांनी आम्हाला जी पीडीएफ पाठवली होती त्यातल्या जवळजवळ सगळ्या बातम्या खऱ्या होत्या. मी नंतर एकेक तपासली. वेगवेगळ्या देशांचे खरे तुकडे घेऊन गोधडी शिवावी तसं ते शिवलं होतं, आणि प्रत्येक तुकड्याची अट तेवढी कापून टाकली होती.

म्हणजे बघा, त्यात लिहिलं होतं की जर्मनीत हेल्थ इन्शुरन्स कॅनाबिसचे पैसे देतो. बरोबर आहे, मार्च २०१७ मध्ये तिथे तसा कायदा झाला. पण तो सरकारी आरोग्य विम्याच्या सभासदांसाठी आहे, आजार गंभीर हवा, नेहमीचे उपचार लागू पडत नसावेत किंवा देता येत नसावेत, आणि पहिलं प्रिस्क्रिप्शन भरायच्या आधी विमा फंडाची मंजुरी घ्यायची असा नियम. २०२४ पासून काही ठरावीक तज्ज्ञ डॉक्टरांना ही आधीची मंजुरी लागत नाही, बाकीच्यांना लागते, आणि अर्ज नामंजूरही होतात. तिथे मधली कुठली मेंबरशिप विकणारी संस्था नसतेच.

मग कॅनडा. सरकार दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत कॅनाबिसचे पैसे देतं असं ठळक अक्षरात. हो देतं, पण माजी सैनिकांच्या खात्याकडून, पात्र ठरलेल्या माजी सैनिकांना. सामान्य पेशंटला तिथल्या प्रांतांच्या सरकारी औषध योजनेतून सुकं कॅनाबिस किंवा तेल मिळत नाही, कारण मंजूर औषधाला जो नोंदणी क्रमांक असतो, ज्याला तिथे डिन म्हणतात, तो या मालाला नसतो, आणि तो नसला की बहुतेक खासगी विमा कंपन्यासुद्धा हात वर करतात. काही ग्रुप पॉलिसींमध्ये मर्यादित रक्कम मिळते पण ती मालकाने तसा पर्याय निवडला असेल तर. हा ३ ग्रॅमचा आकडा वाचून भाऊजी म्हणाले होते की एवढं मोठं सरकार देतंय म्हणजे यात दम असणार. त्या आकड्याचं कामच ते होतं.

ब्रिटनबद्दल लिहिलं होतं एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, उपलब्ध. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे स्पेशालिस्ट डॉक्टर कॅनाबिसचं औषध लिहून देऊ शकतो हे खरं, पण एनएचएसमधून प्रत्यक्षात फार कमी लोकांना मिळतं, बाकीचे खासगी क्लिनिकमध्ये स्वतःचे पैसे भरतात. ताईच्या आजारासाठी तिथे जी गाइडलाइन आहे, २०१९ ची, ती मी पूर्ण वाचली. इतर औषधांनी ताठरपणा आटोक्यात येत नसेल तर ४ आठवडे स्प्रे देऊन बघायचा, त्या चाचणीचा खर्च औषध कंपनीने करायचा, आणि पेशंटच्या स्वतःच्या मोजमापात त्रास निदान २० टक्के कमी झाला तरच पुढे चालू ठेवायचा. त्याच गाइडलाइनमध्ये जुनाट वेदनांसाठी म्हणून टीएचसीवाली औषधं देऊ नका असंही स्पष्ट लिहिलंय. आमच्या पीडीएफमध्ये यातलं काहीच नव्हतं, फक्त एनएचएसचं नाव.

आणि युनोचं तर काय विचारू नका. 'संयुक्त राष्ट्रांची मान्यता' म्हणून पहिल्याच पानावर. डिसेंबर २०२० मध्ये खरंच मतदान झालं होतं, २७ विरुद्ध २५, आणि १९६१ च्या अमली पदार्थांच्या करारातल्या सगळ्यात कडक यादीतून, चौथ्या यादीतून, कॅनाबिस काढलं. पहिल्या यादीत ते अजून आहेच. त्या मतदानाचा कुणाच्या विम्याशी काडीचा संबंध नाही, कुठल्याही देशातल्या विमा कंपनीला त्यामुळे एक पैसाही द्यावा लागत नाही.

अमेरिकेचा उल्लेख मात्र त्यांनी शिताफीने टाळला होता आणि आता कळतं का. तिथे इतक्या राज्यांत मेडिकल कार्ड मिळतं, तरी १९७० मध्ये केंद्राच्या कायद्याने गांजा पहिल्या शेड्यूलमध्ये, सगळ्यात कडक यादीत, टाकला, त्यामुळे राज्याच्या दुकानातून घेतलेल्या मालाला मेडिकेअर, मेडिकेड या सरकारी विमा योजना पैसे देत नाहीत, नेहमीची खासगी पॉलिसी देत नाही. डॉक्टर तिथे प्रिस्क्रिप्शनसुद्धा लिहीत नाही, फक्त शिफारस करतो. विम्यात काय बसू शकतं तर मंजूर झालेल्या गोळ्या-औषधं, ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन ही १९८५ पासूनची, केमोथेरपीच्या उलट्यांसाठी, आणि २०१८ ला मंजूर झालेलं शुद्ध सीबीडीचं औषध, मुलांच्या काही अवघड एपिलेप्सींसाठी. ऑस्ट्रेलियातही तसंच, ते सीबीडीचं औषध २०२१ मध्ये सरकारी अनुदानाच्या यादीत आलं ते एका ठरावीक एपिलेप्सीसाठी. म्हणजे सगळीकडे विमा बघतो ते नेमकं कुठलं औषध, कुठल्या आजाराला, कुणी लिहिलं आणि आधी विचारलं होतं का. झाड तेच आहे याला काही किंमत नाही. हे एवढं जरी कुणी आम्हाला वेळेवर सांगितलं असतं ना!

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिलं बिल छोटं होतं, त्याचे पैसे खरंच खात्यात आले. ताई इतकी खूश झाली होती की ग्रुपमधल्या अजून दोघींना तिने सांगितलं, आणि आज तिला सगळ्यात जास्त त्रास त्याचा होतो, स्वतःच्या पैशांचा नाही. दुसरं बिल मोठं, त्याला आधी प्री-ऑथरायझेशन फी मागितली, मग क्लेम प्रोसेसिंग, मग म्हणे परदेशातून रिइम्बर्समेंट येतंय त्यावर टॅक्स आधी भरा. खरी विमा कंपनी क्लेम देण्यासाठी तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही, कापायचे असतील तर क्लेमच्या रकमेतून कापते, हे लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी पैसे भरायचं खातं वेगळं, आणि कुठलंच विमा कंपनीच्या नावावर नाही, कुणातरी माणसाच्या नावावर.

टॅक्सचं ऐकल्यावर मी सर्टिफिकेटवरचा फोन नंबर सोडला आणि विमा कंपनीचा नंबर विमा नियामकाच्या यादीतून काढून तिथे फोन लावला. क्यूआर कोड स्कॅन केला की तो यांच्याच पेजवर जात होता, तिथे 'पॉलिसी ॲक्टिव्ह' दिसणारच. कंपनीतल्या माणसाने पॉलिसी नंबर घेतला, बराच वेळ थांबवलं आणि सांगितलं की नंबर खरा आहे पण ही ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी आहे. अपघाताने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर मिळणारी. आजार नाही, औषध नाही, ओपीडी नाही. म्हणजे या लोकांनी कुठल्यातरी संस्थेच्या नावाने सगळ्यात स्वस्त ग्रुप अपघात विमा घेतला, त्यात मेंबर म्हणून नावं घातली आणि वरून स्वतःचं सर्टिफिकेट छापलं. म्हणून नंबर विचारला तर खोटा निघत नाही. पॉलिसी नंबर खरा आहे का एवढंच विचारून फोन ठेवू नका, कुठल्या प्रकारची पॉलिसी आहे आणि पॉलिसी वर्डिंग मेलवर पाठवा असं सांगा, कंपनीच्या स्वतःच्या मेलवरून.

औषध म्हणून त्यांनी जे तेल पाठवलं त्याचं पण सांगायलाच पाहिजे कारण तो भाग जास्त धोक्याचा आहे. बाटलीवर टीएचसी किती, सीबीडी किती, काही नाही. बॅच नंबर नाही, लॅब रिपोर्ट मागितला तर एक जुना पुसट स्कॅन, भलत्याच प्रॉडक्टचा. ते घ्यायला लागल्यापासून ताई सकाळी उठायचीच नाही, बोलताना जीभ जड. तिच्या न्यूरॉलॉजिस्टना बाटली दाखवली, त्यांनी पहिलं ते बंद केलं, म्हणाले बॅक्लोफेनने आधीच गुंगी येते त्यात टीएचसी असेल तर दोन्ही मिळून वाढते, पडून हाड मोडलं असतं तर. एपिलेप्सीच्या पेशंटचं तर अजून वेगळं, सीबीडीने क्लोबाझाम या फिट्सच्या औषधाचा परिणाम वाढतो, व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधाबरोबर लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. जो डॉक्टर चालू औषधांची यादी न विचारता कॅनाबिस लिहून देतो त्याच्या कागदावर कुठलाही क्लेम उभा राहणार नाही, तो भाग सोडाच, त्याच्यावर जीव सोपवायचा नाही.

भारतातल्या लोकांसाठी, कारण या ग्रुपमध्ये तिकडचेही बरेच होते. १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा फुलोऱ्याला म्हणजे गांजाला आणि चरसला लागू आहे, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून विजया नावाने आयुर्वेदिक परवान्यावर पानांची औषधं मिळतात. परवाना आहे म्हणजे विमा आहे असं होत नाही. हेल्थ पॉलिसीत ठरलेल्या वगळण्या असतात, सिद्ध न झालेले उपचार त्यात येतात, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारी सप्लिमेंट्स येतात. आयुष म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचं कव्हर असलं तरी ते मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचं, आणि आयुष्मान भारतचं विमा कव्हरसुद्धा मुख्यतः दाखल झालेल्या पेशंटसाठीच आहे, महिन्याच्या तेलाच्या बाटलीचं बिल त्यात कुठे लावणार? आपल्या पॉलिसीचा वगळलेल्या गोष्टींचा भाग उघडून वाचा, कंटाळवाणा असतो पण अर्ध्या तासाचं काम आहे.

आम्ही बँकेत, सायबर पोलिसांकडे आणि विमा नियामकाकडे तक्रार दिली आहे. खऱ्या विमा कंपनीलाही लेखी कळवलं, त्यांच्या लोगोचा गैरवापर झालाय म्हटल्यावर त्यांनी पटकन दखल घेतली. ज्या दोघींनी ताईचं ऐकून पैसे भरले होते त्यांचे अर्जही आम्हीच बसून लिहून दिले, एकीचं शेवटचं पेमेंट ताजं होतं म्हणून बँकेने ते रोखून धरलंय, बाकीचं काय होतं बघू. पैसे गेल्याचं कळल्या कळल्या, त्याच तासात, बँकेला कळवण्याने खूप फरक पडतो.

आणि एक, तक्रार केल्यानंतर थोड्याच दिवसांत एका 'रिकव्हरी एजंट'चा फोन आला, ताईचा आजार, गेलेली रक्कम, मेंबरशिप नंबर सगळं त्याला पाठ, म्हणे थोडी फी भरा आम्ही पैसे काढून देतो. ही माहिती त्याच्याकडे एकाच ठिकाणाहून येऊ शकते. एमआरआय, ओळखपत्र, बँकेचं पासबुक, सगळं आपण यांना पाठवलेलं असतं आणि ते पुढे विकलं जातं. तुम्ही असल्या कुणाला कागद दिले असतील तर पैसे गेले नसले तरी बँकेला सांगून ठेवा, कार्ड बदलून घ्या, तुमच्या ओळखपत्रावर कुणी कर्ज किंवा सिम घेतलंय का ते तपासत रहा. चॅट डिलीट करू नका, ग्रुप सोडायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, बाटली आणि तिचं खोकं फेकू नका, पोलिसांनी आमच्याकडे ते दोन्ही मागितलं. ताईच्या न्यूरॉलॉजिस्टनी आता स्प्रेसाठी रीतसर अर्ज करायचं ठरवलंय, आधी कुठली औषधं दिली, किती डोस, का बंद केली त्याची सगळी नोंद जोडून. विमा कंपनीकडून लेखी उत्तर येईपर्यंत आम्ही कुठेच पैसे भरणार नाही.