‘चारशे जीबी गिटार’ची डिस्क घेण्याआधी

‘भाऊ, 1 टीबी डिस्क, त्यात 400 जीबी नुसती गिटार. कॉन्टॅक्ट फुल व्हर्जन, लाइफटाइम. मी स्वतः टाकून देतो, टेन्शन घेऊ नोको.’ मार्च उजाडला, 14 एप्रिलच्या भीमगीतांची कामं यायला लागली, की असे मेसेज गावोगावच्या छोट्या स्टुडिओवाल्यांच्या फोनवर येतात. स्टुडिओ म्हणजे घरातलीच एक खोली, भिंतीला चादरी, एक लॅपटॉप, एक माइक आणि चार सप्तकांचा कीबोर्ड. गिटार वाजवणारा माणूस नागपूरहून बोलवायचा तर त्याचं जाणं-येणं, जेवण आणि मानधन त्या गाण्याच्या पैशात बसत नाही. म्हणून गिटार सॉफ्टवेअरमधूनच वाजवायची असते: खऱ्या गिटारचे रेकॉर्ड केलेले सूर, म्हणजे लायब्ररी, आणि ते कीबोर्डवर वाजवून देणारं कॉन्टॅक्टसारखं सॉफ्टवेअर. आणि गाणं आठ दिवसांत द्यायचं असतं. डिस्क विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

व्यवहार बहुतेक एकाच तऱ्हेने होतो. आधी दोन-अडीच हजार यूपीआयने. मग डिस्क बस स्टँडवर हातात मिळते किंवा पार्सलने येते. विकणारा स्वतः आला तर लॅपटॉप उघडतो, अँटीव्हायरस बंद करायला लावतो, दहा मिनिटांत काहीबाही टाकतो, एक गिटार उघडून चार कॉर्ड दाबून दाखवतो. आवाज खरंच सुंदर येतो. पोट्टे खूश होतात, उरलेले पैसे देऊन टाकतात. गडी निघून जातो.

गाणं रेकॉर्ड करायला बसलं की खेळ उघडा पडतो. दुसरं कडवं चालू आहे, गायक माइकसमोर, ढोलकी चालू, बास चालू, आणि गिटार मध्येच गप्प. स्क्रीनवर वाद्य दिसतंय, पण कितीही बटणं दाबली तरी आवाज नाही. प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं कॉन्टॅक्ट, काढून परत टाकलं की वाजतं, आणि पुन्हा पंधरा मिनिटांनी गप्प. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: ‘तुमचा लॅपटॉप कमजोर आहे, रॅम वाढवा, माझ्याकडेच आहे.’ म्हणजे दुसरी विक्री.

यात लॅपटॉपचा काही दोष नसतो. कॉन्टॅक्ट हे नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारं सॉफ्टवेअर आहे आणि ते दोन प्रकारचं मिळतं. कॉन्टॅक्ट प्लेयर फुकट आहे, पूर्ण कॉन्टॅक्ट विकत घ्यावं लागतं. ज्या लायब्ररीच्या निर्मात्याने प्लेयरसाठीचा परवाना घेतलेला असतो, ती तुम्ही विकत घेऊन नोंदवली की प्लेयरमध्ये कायम चालते. बाकीच्या लायब्रऱ्यांना पूर्ण कॉन्टॅक्टच लागतं. त्या प्लेयरमध्ये उघडतात खऱ्या, पण डेमो म्हणून, फक्त 15 मिनिटं. ‘फुल व्हर्जन’ सांगून फुकटचं प्लेयर टाकून दिलं की दाखवताना सगळं वाजतं, कारण दाखवायला पाचच मिनिटं लागतात.

म्हणून कोणी समोर बसून दाखवत असेल तर घाई करू नका. गिटार उघडा, वेळ लावा, चहा करा, वीस मिनिटांनी तीच कळ पुन्हा दाबा. आणखी एक खूण आहे. प्लेयरसाठी नोंदवलेली लायब्ररी कॉन्टॅक्टच्या लायब्रऱ्यांच्या यादीत स्वतःच्या नावा-चित्रासह दिसते. ती तिथे न दिसता दर वेळी फोल्डरमध्ये शिरून वाद्याची एनकेआय फाइल उघडावी लागत असेल, तर ती प्लेयरची लायब्ररी नाही. काही जण यादीत चित्र दिसावं म्हणून बनावट एनआयसीएनटी फाइल (लायब्ररीची ओळख सांगणारी) टाकतात. ती फक्त क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या कॉन्टॅक्टवर चालते आणि कॉन्टॅक्ट अपडेट झालं की सगळं कोलमडतं. ‘नेट लावू नका, अपडेट करू नका’ ही तंबी त्यासाठीच असते.

आता ‘400 जीबी’चं बघू. हा आकडा ऐकूनच माणूस भुलतो, म्हणून थोडं गणित करावं. गिटारला 6 तारा, तारेमागे 20 पडदे धरा, म्हणजे 120 जागा. प्रत्येक जागेवर हलका ते जोरकस असे 4 आघात, प्रत्येक आघाताचे 3 वेगळे नमुने, वरून आणि खालून असे 2 स्ट्रोक. झाले 2,880 नमुने. प्रत्येक नमुना 4 सेकंदांचा धरला तर एकूण 192 मिनिटं. 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, स्टिरिओ आवाजाला मिनिटाला सुमारे 16 एमबी जागा लागते. म्हणजे बारकाईने रेकॉर्ड केलेली ही गिटार सुमारे 3 जीबीत मावते. जास्तीचे माइक, स्लाइड, हार्मोनिक्स, तयार ठेके धरले तर आकडा वाढेल, पण 400 जीबी एका माणसाच्या कामाची गिटार नसते. मग एवढी जागा खाते कोण? फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. पाच वेगळ्या नावांचे फोल्डर शेवटच्या बाइटपर्यंत सारखेच निघाले, तर ती एकच लायब्ररी पाच वेळा टाकलेली आहे. काही फोल्डरमध्ये रार फाइलचे (दाबून, तुकडे करून बांधलेल्या फाइलचे) भाग असतात आणि मधला एखादा भागच नसतो, त्यामुळे ते कधीच उघडत नाहीत. काहींत नुसत्या एनकेआय फाइल असतात. एनकेआय फाइल वाद्याचा नकाशा असते, आवाज वेगळ्या सॅम्पल फोल्डरमध्ये असतो. तो दिलाच नसेल तर ‘सॅम्पल्स मिसिंग’ची खिडकी येते आणि कितीही शोधलं तरी ते सापडत नाहीत.

सगळ्यात वाईट वाटतं ते ‘प्रीमियम गिटार कलेक्शन’ उघडल्यावर. नायलॉन, स्टील, जॅझ, क्लीन, म्यूटेड, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, हार्मोनिक्स: अशी आठच नावं, याच क्रमाने दिसली की समजा, हा जनरल मिडीचा, म्हणजे कीबोर्डांच्या ठरलेल्या आवाजांच्या यादीतला, गिटारांचा गट आहे, क्रमांक 25 ते 32. साध्या कीबोर्डमध्येही तो असतो. पैसे देऊन घरातलाच आवाज परत घेतला. कान लावूनही ओळखता येतं. एकच सूर सारख्या जोराने आठ वेळा वाजवा. आठही वेळा हुबेहूब तोच आवाज आला, तर त्यात आलटून-पालटून वाजणारे नमुने नाहीत आणि जलद ठेक्यात ते शिलाई मशीनसारखं ऐकू येईल.

डिस्कच खोटी असण्याचा प्रकारही आहे, विशेषतः ‘2 टीबी पेन ड्राइव्ह’ म्हणून येणाऱ्यांत. आत चिप 32 किंवा 64 जीबीची असते, पण तिचं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) बदलून कॉम्प्युटरला 2 टीबी दाखवायला लावलेलं असतं. फाइलींची नावं आणि आकार दिसतात, मात्र खऱ्या जागेपलीकडचा डेटा कुठेच लिहिलेला नसतो किंवा जुन्यावरच लिहिला जातो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशा ड्राइव्हवर पूर्ण जागा भरेपर्यंत लिहितं आणि परत वाचून खरी जागा सांगतं. वेळ खूप लागतो, तेव्हा रात्री लावून ठेवा आणि ड्राइव्ह रिकामा असतानाच करा. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, ती मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज 1,024 च्या.

अडीच हजार गेले एवढ्यावर हे थांबत नाही, म्हणून इतक्या तळमळीने सांगावं लागतं. ज्या कीजेनसाठी, म्हणजे खोटा सिरीयल बनवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, अँटीव्हायरस बंद करायला लावतात, त्याच्यासोबत ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिन चोरणारा प्रोग्रॅम येऊ शकतो. तो लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आत आहात याची ब्राउझरमधली नोंद) उचलतो, त्यामुळे ओटीपी लावलेलं असलं तरी यूट्यूबचं चॅनल हातातून जातं. चार वर्षांची भजनं, भीमगीतं, गोंडी गाणी ज्या चॅनलवर आहेत ते एका रात्रीत दुसऱ्याच्या नावावर दिसतं. ‘दुरून इन्स्टॉल करून देतो’ म्हणत लॅपटॉप चालवण्याचं अ‍ॅप टाकायला लावणाऱ्याला तर उभंच करू नका. तो त्यात कायमचा पासवर्ड ठेवून जाऊ शकतो आणि पुढे तुम्ही झोपलेले असतानाही आत येऊ शकतो. ‘पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं म्हटलं की फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

कायद्याचंही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63-बी नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण पैसे घेऊन गाणी करणाऱ्याला ती पळवाट धरता येणार नाही.

मग गिटार आणायची कुठून? फुकटात आणि राजरोस चांगली मिळते. ॲम्पल साउंड कंपनीची ‘ॲम्पल गिटार एम लाइट’ मार्टिन डी-41 या अकूस्टिक गिटारवरून रेकॉर्ड केलेली आहे, तिला कॉन्टॅक्ट लागतच नाही. त्यांचीच ‘ॲम्पल बास पी लाइट’ बासला घ्या. दोन्ही कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. रोजच्या दीड-दोन जीबीच्या डेटात उतरवायचं तर थांबलं तिथून पुढे चालू करणारा डाउनलोड मॅनेजर वापरा आणि इन्व्हर्टर असल्याशिवाय मोठं डाउनलोड लावून झोपू नका.

विकत घ्यायचीच तर आधी ठरवा, गिटारकडून काय हवं आहे. इथे कोणी न फसवताही माणूस फसतो. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या सेशन गिटारिस्ट मालिकेतली ‘स्ट्रम्ड अकूस्टिक’ प्लेयरमध्ये चालते, कॉर्ड धरला की ठेका सुंदर वाजतो. पण ती ठेक्यांचीच आहे, मुखड्याआधीचा सुटा पीस तिच्यात वाजणार नाही. त्यासाठी प्रत्येक सूर वेगळा वाजणारी लायब्ररी लागते, आणि आपल्या गाण्यांना मींड लागते म्हणून स्लाइड आणि लेगाटो (सूर न तोडता जोडून वाजवणं) आहे का ते आधी बघावं. भजनं दादऱ्यात जातात, तेव्हा ठेक्यांच्या लायब्ररीत 6/8 किंवा 3/4 चे पॅटर्न किती, ते निर्मात्याच्या व्हिडिओत ऐकून घ्या. यूजॅम कंपनीच्या व्हर्च्युअल गिटारिस्ट मालिकेला 30 दिवसांची चाचणी मिळते, एक अख्खं गाणं करून बघता येतं. इलेक्ट्रिक गिटारच्या बऱ्याच लायब्रऱ्यांचा मूळ आवाज पातळ, कोरडा असतो, त्यावर गिटार अँप्लिफायरचं प्लगइन लावावं लागतं. तो खराब नाही, अर्धवट आहे.

आणि एक गोष्ट विकणारा कधीच सांगणार नाही. भारी लायब्ररीतही पियानोसारखे तीन बोटांचे कॉर्ड दाबले तर गिटार वाटत नाही. गिटारवरचा मोकळा जी मेजर सहा तारांवर जी, बी, डी, जी, बी, जी असा पसरतो. खाली जाणाऱ्या स्ट्रोकला जाड तारेपासून पुढची तार 10 ते 20 मिलिसेकंद उशिरा लागते, वर जाणाऱ्या स्ट्रोकला उलट क्रमाने आणि बहुधा बारीक तीन-चारच तारा. एवढं मिडीमध्ये, म्हणजे कोणता सूर कधी आणि किती जोराने याच्या नोंदीत, हाताने लावलं तर फुकटची ‘लाइट’ गिटारही उठून दिसते.

पैसे भरताना अडतं ते कार्डाशी. नव्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, बँकेच्या अ‍ॅपमधून ते आणि मर्यादा चालू करा, काम झालं की बंद करा. डॉलरच्या किमतीवर 18 टक्के जीएसटी आणि बँकेचं चलन शुल्क धरा. नोव्हेंबरच्या शेवटी बऱ्याच कंपन्या मोठी सूट देतात, त्याच दिवसांत एका अक्षराने नाव बदललेल्या नकली साइटही दिसतात. सर्चमधल्या जाहिरातीवर न जाता पत्ता स्वतः टाइप करा. कोणी ‘माझा सिरीयल निम्म्यात घे’ म्हणालं तर निर्मात्याच्या साइटवर आधी बघा, परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येतो का. अनेकांचा येत नाही, आणि एकच सिरीयल दहा जणांना विकलेला असतो.

डिस्क घेऊन झाली असेल तर लाजू नका, लपवू नका. पैसे जाऊन तास-दोन तासच झाले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, यूपीआयचा 12 अंकी यूटीआर क्रमांक आणि मेसेजचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा. लॅपटॉपचं नेट तोडा. ईमेल, यूट्यूब, बँक यांचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. नंतर विंडोज नव्याने टाका, पण त्याआधी प्रत्येक गाण्याच्या गायनाच्या वेव्ह फाइल आणि गिटारच्या ट्रॅकची मिडी फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर काढा, कोणतीही सेटअप किंवा क्रॅकची फाइल नको. गिटारच्या ट्रॅकची मिडी काही केबींची असते आणि तुमची मेहनत तिच्यातच आहे. ती ॲम्पलच्या ट्रॅकवर टाकली की आधी खालच्या टोकाला बघा. सहाव्या तारेचा मोकळा ई म्हणजे मिडी क्रमांक 40. त्याखालच्या नोटा जुन्या लायब्ररीच्या की-स्विच (वाजवण्याची तऱ्हा बदलणाऱ्या कळा) असतील, त्या पुसा, नव्या वाद्याच्या की-स्विच त्याच्या मॅन्युअलमधून बघून लावा, आणि गाणं पहिल्या कडव्यापासून वाजवा.