गाडीच्या स्क्रीनवर फोन टिकत नाही: केबल, डोंगल, साधं ब्लूटूथ की नवा स्टिरिओ?

फोन गाडीच्या स्क्रीनला कनेक्टच होत नाही, किंवा होतो आणि मध्येच सुटतो, अशा वेळी समोर चार पर्याय असतात. नवी केबल घ्यायची, वायरलेस डोंगल (गाडीच्या यूएसबीत लावायचं छोटं यंत्र) लावायचा, सगळं सोडून साधं ब्लूटूथ वापरायचं, नाहीतर आख्खा स्टिरिओच बदलायचा. केबलचं काम काही शेकड्यांत होतं, डोंगल काही हजारांत जातो आणि स्टिरिओ फिटिंगसकट त्याच्याही बराच वर, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हे महत्त्वाचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: डोंगल ही सोय आहे, दुरुस्ती नाही. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले म्हणजे फोनचे मॅप, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय, पहिली अँड्रॉइड फोनची, दुसरी आयफोनची; ती ज्याची वायरने आधीच धड चालतेय त्यानेच डोंगल घ्यावा.

कारण डोंगल लागतो तो गाडीच्या त्याच यूएसबी पोर्टमध्ये, जिथे केबल लागते. गाडीला तो भासवतो की वायरने फोन जोडलाय, आणि इकडे तुमच्या फोनशी तो हवेतून बोलतो. म्हणजे गाडीचा पोर्ट सैल झाला असेल किंवा सिस्टीमच मध्येमध्ये हँग होत असेल तर डोंगलपण तसाच सुटणार. फक्त एका बाबतीत तो खरंच दुखणं घालवतो, फोनचं चार्जिंग सॉकेट झिजलं असेल तर, कारण मग फोनमध्ये वायर घालायचीच नसते. आणि गाडीत मुळात अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेच नसेल तर हे डोंगल काही कामाचे नाहीत, हे दुकानदार कधीकधी सांगत नाही म्हणून इथे सांगतोय.

आता केबल. बहुतेकांचा प्रॉब्लेम इथेच असतो आणि बहुतेक लोक इथेच नीट बघत नाहीत, कारण चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली असं आपण धरून चालतो. तसं नसतं. बऱ्याच स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच, आणि ज्यांच्यात असतात त्यातल्या काही वाकून वाकून आतून तुटलेल्या असतात. तपासायला सोपं आहे, तीच केबल लॅपटॉपला लावा, फोनवर फाइल ट्रान्सफर निवडा आणि फाइली दिसतात का बघा. नाही दिसल्या तर पहिला संशय केबलवरच. लांबी एक मीटरच्या आत ठेवा आणि मध्ये हब किंवा एक्स्टेंशन नको, हे गूगलच सांगतं. लांबलचक दोन मीटरची केबल मागच्या सीटपर्यंत पोचते हे खरं, पण अँड्रॉइड ऑटोसाठी वेगळी आखूड केबल गाडीतच ठेवलेली बरी.

दुसरं म्हणजे पोर्ट. पुढे दोन-तीन यूएसबी पोर्ट असले तरी बऱ्याच गाड्यांमध्ये स्क्रीनला जोडलेला एकच असतो, बाकीचे फक्त चार्जिंगचे, त्यामुळे मॅन्युअल काढून किंवा पोर्टवरची खूण बघून खात्री करा. फोनच्या सॉकेटमध्ये खिशातला कापूस, धूळ इतकी दाबून बसते की पिन पूर्ण आत जातच नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई-पिन अजिबात नको. मग घरातला दुसरा फोन त्याच केबलने त्याच पोर्टला लावून बघा. तो चालला तर गाडी आणि केबल दोन्ही ठीक, घोळ तुमच्या फोनमध्ये आहे.

फोनमधला घोळ असेल तर एक रुपया खर्च करायच्या आधी जुनी ओळख पुसा. अँड्रॉइडमध्ये अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी जोडलेल्या सगळ्या गाड्या विसरायला लावा, आयफोनमध्ये जनरल, मग कारप्ले, मग गाडीचं नाव, तिथे फरगेट. गाडीच्या स्क्रीनवरूनपण फोन डिलीट करा, एकाच बाजूने काढलं तर जुनी जोडणी अर्धवट राहते आणि पुन्हा तीच रडारड. आयफोनवाल्यांनी सिरी चालू आहे ना आणि स्क्रीन टाइममध्ये कारप्लेवर बंदी नाही ना हे बघा. काही ब्रँडचे अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागची अ‍ॅप्स सरळ मारून टाकतात, तिथे अँड्रॉइड ऑटो आणि मॅप्स दोन्हींना बॅटरीचं बंधन काढून टाका.

वायरलेसचं गणित वेगळं आहे, मग ते गाडीतलं असो की डोंगलचं. पहिली ओळख ब्लूटूथवर होते आणि खरा डेटा वायफायवरून जातो, अँड्रॉइड ऑटोला त्यासाठी साधारणपणे अँड्रॉइड ११ किंवा वरचं आणि ५ गिगाहर्ट्झ वायफाय असलेला फोन लागतो. फोनचं वायफाय बंद ठेवायची सवय असेल तर कनेक्ट होणार नाही. फोन डॅशकॅमच्या वायफायला चिकटला, मागे बसलेल्या पोरांना हॉटस्पॉट दिला, किंवा व्हीपीएन चालू राहिला, तरी गडबड होऊ शकते. शिवाय फोन तापतो. एप्रिल-मेमध्ये नागपूर किंवा जळगावच्या उन्हात, वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवून, मॅप चालू असताना फोन इतका गरम होतो की चार्जिंगच थांबवतो. लांबच्या प्रवासाला म्हणूनच मी वायरच सुचवेन, बॅटरीपण भरत राहते. उलट रोज गावात दहा ठिकाणी उतरणाऱ्याला वायरलेसची सोय खूप मोठी आहे, खिशातून फोन काढायलाच लागत नाही.

डोंगल घेताना तुमच्या फोनला चालतो का हे बघा, उदाहरणार्थ मोटोरोलाचा एमए१ फक्त अँड्रॉइड ऑटोसाठी आहे, घरात एक आयफोन आणि एक अँड्रॉइड असेल तर दोन्हींना चालणारा लागेल. आणि परत करायची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, कारण एकाच डोंगलचा अनुभव गाडीगणिक बदलतो.

एक गोष्ट मध्येच सांगतो. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात मॅप अडकला, एक्सप्रेसवेच्या भातण बोगद्यात बाण जागेवर थांबला, तर ते कनेक्शन सुटणं नाही. तिथे रेंज किंवा जीपीएस गेलेलं असतं, गाणी आणि स्क्रीन चालू असतील तर केबलला दोष देऊ नका. त्या भागाचा मॅप आधी डाउनलोड करून ठेवा, रेंजचं दुखणं तेवढ्याने जातं.

साधं ब्लूटूथ आणि डॅशबोर्डवर होल्डर हा पर्याय लोक कमी लेखतात. कॉल आणि गाणी एवढंच हवं असेल, किंवा गाडी दोन-तीन वर्षांत विकायचीच असेल, तर मला हाच पटतो. मॅप होल्डरमधल्या फोनवर दिसतो. फक्त गाडीच्या मेमरीत जुने फोन साठले असतील तर ते काढा, आणि फोन हातात धरू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्याच गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड आहे.

स्टिरिओ बदलायचा तो गाडीत अँड्रॉइड ऑटोच नसेल तर, किंवा दोन वेगवेगळे फोन, चांगली केबल, सिस्टीम रीसेट आणि सर्व्हिस सेंटरचं सॉफ्टवेअर अपडेट हे सगळं करूनही स्क्रीन फोन ओळखत नसेल तर. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिथेच लिखित तक्रार द्या. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठेही बसवून घेताना वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा तयार प्लग, मागा, नाहीतर गाडीच्या इलेक्ट्रिकल वॉरंटीवरून वाद होतो. पैसे देण्याआधी दुकानातच तीन गोष्टी चालवून बघा: स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, आणि तुमचा स्वतःचा फोन इंजिन बंद-चालू करून पुन्हा आपोआप जोडला जातो का.