जीपीआयबी अ‍ॅडॉप्टर खरेदीतील आमची फसवणूक

जुनी मोजमापयंत्रे संगणकाला जोडण्यासाठी यूएसबी-जीपीआयबी अ‍ॅडॉप्टर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने आणि संशोधक विद्यार्थ्याने हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या पदार्थविज्ञान विभागाला एका पुरवठादाराने नामांकित कंपनीचा म्हणून विकलेला अ‍ॅडॉप्टर बनावट निघाला, आणि पैशांपेक्षा कितीतरी मोठे नुकसान आमच्या मोजमापांचे झाले.

जीपीआयबी हे मोजमापयंत्रे आणि संगणक एकमेकांना जोडण्याचे, १९७५ साली आयईईई ४८८ या नावाने प्रमाणित झालेले तंत्र आहे. एका बसवर, म्हणजे सर्व उपकरणांच्या सामाईक जोडणीवर, संगणक धरून १५ उपकरणे आणि एकूण २० मीटर केबल, ही त्याची मर्यादा. इतके जुने असूनही ते टिकून आहे, कारण रोध मोजणारी आणि तापमान नियंत्रित करणारी चांगली यंत्रे वर्षानुवर्षे चालतात, बदलतो तो संगणक. साहजिकच सगळी भिस्त अ‍ॅडॉप्टर आणि त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकाकडून तो चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर येते. अस्सल अ‍ॅडॉप्टर महाग असल्यामुळे नकलांचा बाजारही नेमका इथेच फोफावला आहे.

आमच्या पुरवठादाराचे कोटेशन इतरांपेक्षा बरेच कमी होते. माल जुन्या साठ्यातला आहे, हे त्याने कारण सांगितले आणि अधिकृत विक्रेता असल्याचे पत्रही जोडले. खोके, लेबल, सिरियल नंबर, सारे हुबेहूब होते. मात्र ड्रायव्हर त्याच्या माणसाने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून टाकला, त्यासाठी विंडोजमधील ड्रायव्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची तपासणी बंद केली, आणि हीच आवृत्ती ठेवा, अपडेट करू नका, असे बजावले. खूण पटावी अशी जागा हीच आहे, कारण अस्सल वस्तूला उत्पादकाच्या संकेतस्थळावरील स्वाक्षरीयुक्त ड्रायव्हर चालतो आणि ही तपासणी बंद करण्याची वेळच येत नाही.

प्रात्यक्षिकात त्याने यंत्राला त्याचे नाव विचारून दाखवले व ते उत्तर बरोबर आले. पण एका छोट्या प्रश्नाचे एक छोटे उत्तर नकली अ‍ॅडॉप्टरही नीट देतो. खरी परीक्षा असते ती दोन-तीन यंत्रे एकाच बसवर रात्रभर चालवण्याची. आमच्याकडे अशा दीर्घ मोजणीत मधूनच टाइमआउट येई, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर मिळत नसे, अडकलेले उत्तर अ‍ॅडॉप्टरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राही आणि पुढच्या प्रश्नाला तेच जुने उत्तर मिळे. तापमानाचे वाचन अशा रीतीने एक पायरी मागे पडले, की नमुना तापवतानाचा आलेख एका बाजूला सरकतो आणि थंड करतानाचा दुसऱ्या बाजूला. आमच्या विद्यार्थिनीला हा पदार्थाचाच गुणधर्म, म्हणजे हिस्टेरेसिस (तापवताना आणि थंड करताना वेगळे वाचन येणे) वाटला, आणि आलेख पाहता कोणालाही तसेच वाटले असते. तिने असा गुणधर्म नसलेल्या साध्या प्लॅटिनमच्या तारेवर तीच मोजणी केली, तिथेही दोन आलेख वेगळे आले, तेव्हा संशय अ‍ॅडॉप्टरवर गेला. उत्पादकाला सिरियल नंबर कळवल्यावर तो त्यांच्या नोंदीत नसल्याचे उत्तर आले. विक्रेत्याचे पत्रही त्यांनी दिलेले नव्हते.

ड्रायव्हर अपडेट करू नका, या सल्ल्यामागचे कारण सिरियल केबल वापरणाऱ्यांना ठाऊक असेल. २०१४ साली एफटीडीआय या, अशा केबलमधील चिप बनवणाऱ्या स्कॉटलंडमधील कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपचा प्रॉडक्ट आयडी, म्हणजे संगणक जिच्यावरून उपकरण ओळखतो ती संख्या, शून्य केला, त्यामुळे त्या केबल एका रात्रीत बंद पडल्या. २०१६ मधील आवृत्ती तर नकली चिप आढळताच खऱ्या माहितीच्या जागी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ हे शब्द पाठवू लागली. असे शब्द भट्टीच्या तापमान नियंत्रकाकडे गेले तर काय होईल, याचा विचार अवश्य करावा. दोष मुळात नकली चिप विकणाऱ्याचा, पण भोगावे लागते ते ती न कळत वापरणाऱ्याला.

म्हणून पैसे देण्यापूर्वी सिरियल नंबर आणि अधिकृततेचे पत्र थेट उत्पादकाकडून पडताळून घ्या, आणि त्यासाठी पत्रावर छापलेला फोन नंबर वापरू नका. ड्रायव्हर स्वतः उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवा. माल स्वीकारण्याची अट म्हणून, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा नमुन्यावर रात्रभराची मोजणी ठेवा. खरेदी आदेशात ती लेखी असावी. यंत्राला लॅन किंवा स्वतःचे यूएसबी पोर्ट असेल तर अ‍ॅडॉप्टरची गरजच नाही, आणि जमेल तिथे हाच मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

पुरवठादाराने पैसे परत करण्यास नकार दिला असून संस्थेने त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली आहे. त्या अ‍ॅडॉप्टरवरून घेतलेली सर्व मोजमापे आम्ही बाजूला काढली आहेत आणि विद्यार्थिनी ती नव्याने घेत आहे.