पुण्यात बसून नागपूरची चार बिऱ्हाडं सांभाळणं : एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मे महिन्याच्या मध्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, मनीषनगरच्या आमच्या घराची बोअरची मोटर जळली. वर-खाली मिळून चार बिऱ्हाडं, चार कूलर, आणि टाकीत थेंब नाही. देखभाल करणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर सकाळी तक्रार टाकली. दुपारी उत्तर आलं : 'तक्रार निकाली'. सोबत पुरावा म्हणून गच्चीवरच्या टाकीचा फोटो. झाकण बंद. आत पाणी आहे की कोरडी टाकी, हे बंद झाकणावरून कोणाला कळणार? तेव्हाच ठरवलं की सविस्तर लिहायचं.

घराची थोडी माहिती. तळमजला अधिक एक मजला, चार वन बीएचके, प्रत्येकाला वेगळं वीजमीटर, मोटर आणि जिन्याच्या दिव्यांना कॉमन मीटर. वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे इथे हजार-पाचशेसुद्धा जाणवतात. कंपनीला दिवाळीनंतर काम दिलं. शुल्क भाड्याच्या दहा टक्के, वर १८ टक्के जीएसटी. चारही घरांचे मिळून महिन्याला ३६ हजार येतात, त्यातले ४,२४८ कंपनीचे. शिवाय हे शुल्क प्राप्तिकरात वेगळं वजा होत नाही. घरभाड्यावर महापालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्ती, देखभाल, वसुली, सगळं त्यातच आलं. कंपनीला दहा टक्के द्या किंवा एक पैसाही देऊ नका, कर तेवढाच. ही गोष्ट कंपनीचा विक्रीवाला कधी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

मार्चअखेरपर्यंत मी ही सेवा कोणालाही सुचवली असती. भाडं पाच तारखेच्या आत खात्यात. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे भाडेकराराचं, काम तर फारच सोपं झालं. ऑनलाइन नोंदणीत माझा अंगठा पुण्यात, भाडेकरूचा नागपुरात, प्रवासाचा प्रश्नच नाही. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला' असं म्हणणारे मालक अजून भेटतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची, आणि चुकलं तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वाद झाला तर नोंदणी नसताना, उलट सिद्ध होत नाही तोवर, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. लांब राहणाऱ्याला हे परवडत नाही. खर्चही फार नाही : मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात), महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, वर थोडे किरकोळ. आमच्या एका घराला शुल्काचे जेमतेम अडीचशे रुपये लागले. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं कामही कंपनीने न सांगता केलं.

आता मोटर का जळली ते. कारण आहे कूलरचा फ्लोट. शंभराच्या आत मिळणारा प्लास्टिकचा तुकडा. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण नागपुरात घर भाड्याने देणाऱ्याला याच्याइतकं नुकसान दुसरं काही करत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

नागपूरकरांना कूलर समजावायची गरज नाही. होळी झाली की खिडकीबाहेरच्या स्टँडवर कूलर चढतो, गवत किंवा वाळ्याच्या ताट्या बदलतात. बादलीने पाणी कोण भरत बसणार, म्हणून वरच्या टाकीतून अर्ध्या इंचाची लाइन थेट टबात, आणि टब भरला की पाणी थांबवायला फ्लोट. आमच्या बोअरचं पाणी जड. फ्लोटच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि एक दिवस तो अर्धवट उघडा अडकतो. वरच्या मजल्यावर मागच्या घराचा फ्लोट असाच अडकला. टब भरून पाणी मागच्या भिंतीवरून खाली, जिथे कोणाचं जाणं-येणं नाही. टाकी उतरली की सेन्सर मोटर चालू करतो. मोटर चढवते, कूलर सांडतो, पुन्हा मोटर. एप्रिलभर हे रात्री-रात्री चाललं. मे महिन्यात बोअरची पातळी खाली गेली, मोटर कोरडी फिरली आणि वाइंडिंग गेलं. मोटर वर काढणं, वाइंडिंग, पुन्हा सोडणं, सगळं मिळून नऊ हजारांच्या घरात. भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, तो खर्च वेगळा.

हे शोधून काढलं तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या काकांनी. ते उमरेडच्या कोळसा खाणीत पंपावर होते, आता निवृत्त. फोनवर मला म्हणाले, "भाऊ, मोटर अशी उगाच नाही जळत. रात्रभर चालून राहिली होती ते. मांगच्या भिंतीले शेवाळ चढलं, पाहा म्हणा त्यायले." कंपनीच्या माणसाने दर महिन्याला पाहणी केली होती, अ‍ॅपवर चाळीसेक फोटो आहेत. दर्शनी भिंत, जिना, गेट, मीटरची पेटी. मागच्या भिंतीचा एकही नाही.

मी हे विचारलं तेव्हा करारातली वाटणी दाखवण्यात आली. कूलर भाडेकरूचा, म्हणून तो पाहणीत येत नाही. मोटर सामाईक, म्हणून दुरुस्ती मालकाच्या खर्चाने. म्हणजे फ्लोटची जबाबदारी कोणाचीच नाही आणि बिल माझं. त्यावर कडी म्हणजे त्यांनी मोटरच्या बिलावर दहा टक्के 'समन्वय शुल्क' लावलं. मेकॅनिक काकांनी बोलावला, बोअरपाशी उन्हात काका उभे राहिले, आणि समन्वयाचे पैसे कंपनीला! मेलवर मेल टाकून ते परत घेतले. रक्कम मोठी नव्हती, पण सोडणार नव्हतो.

या भांडणात एक उपयोगी गोष्ट हाती लागली, आणि दुरून घर चालवणाऱ्या प्रत्येकाने ती करावी. कॉमन मीटरचं बिल कंपनी भरायची आणि हिशेबात फक्त रक्कम दाखवायची. मी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या साइटवर जुनी बिलं उघडली. जानेवारीत ४८ युनिट, एप्रिलमध्ये १३१. मोटर एक एचपीची, म्हणजे तासाला एक युनिटच्या आसपास. रोज तास-दीड तास चालणारी मोटर एप्रिलमध्ये चार तासांच्या जवळ चालत होती. उन्हाळ्यात पाणी जास्त लागतं हे धरूनही हा आकडा ओरडून सांगत होता. चाळीस फोटोंपेक्षा या एका आकड्यात घराची तब्येत जास्त कळते. आता दर महिन्याला भाडं जमा झालं की नाही याच्या आधी मी कॉमन मीटरचे युनिट पाहतो.

जूनमध्ये कंपनी सोडायचीच असं घरी सांगून मोकळा झालो होतो. तेवढ्यात वरच्या पुढच्या घरातलं कुटुंब बदली होऊन अमरावतीला गेलं. रिकामं घर पंधरवड्याच्या आत भरलं. मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात) नोकरी करणारा मुलगा, मेट्रोचं उज्ज्वलनगर स्टेशन जवळ म्हणून आला. डिपॉझिटचा हिशेब, जुन्याची चावी, नव्याचा करार, सगळं मी पुण्यातून न हलता झालं, आणि ब्रोकरला एक महिन्याचं भाडं द्यावं लागलं नाही. अजनी–पुणे वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून सुरू झाली तरी एका बाजूचा प्रवास दिवसभराचाच आहे, तोही वाचला. राग बाजूला ठेवून पाहिलं तर कागद आणि पैसा या दोन गोष्टींत ही माणसं खरंच चोख आहेत. पाणी आणि भिंत मात्र त्यांना कळत नाही.

म्हणून व्यवस्था बदलली. देखभालीचा भाग कंपनीकडून काढला, शुल्क सहा टक्क्यांवर आणलं. काकांचं भाडं हजाराने कमी केलं. ते आधी नाहीच म्हणत होते, "पैशाचं काय भाऊ, मी तर पाहतोच." मी ऐकलं नाही, पुढच्या कराराच्या नोंदणीत भाडंच कमी लिहिलं. यात करातही थोडा फायदा आहे, कारण भाडंच कमी दिसतं. कंपनीला दिलेल्या शुल्काने ते होत नाही. शुल्क आणि काकांची सूट मिळून आता महिन्याला ३,४७८ जातात, आधीपेक्षा सातशेहून जास्त वाचतात, आणि टाकीचं झाकण उघडून पाहणारा माणूस जागेवर आहे.

मोटरच्या पॅनेलला ड्राय रन कटऑफ बसवला, म्हणजे बोअर कोरडी पडली की मोटर आपोआप बंद होते. कूलरच्या लाइनला प्रत्येक घराबाहेर वेगळा कॉक दिला, आणि टबाच्या ओव्हरफ्लोचा पाइप मागे न सोडता जिन्याच्या बाजूला आणला, सांडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली यावं म्हणून. नव्या करारात एक ओळ घातली : कूलर बसवताना नवा फ्लोट मालक देईल, भाडेकरूने जुना वापरू नये. चार फ्लोट, चारशे रुपयांच्या आत.

कंपनीचा करार दिवाळीला संपतो. दोन अटी मेलवर कळवल्या आहेत : कॉमन मीटरचे युनिट दर महिन्याच्या हिशेबात दिसले पाहिजेत, आणि तक्रार 'निकाली' करण्याआधी भाडेकरूचा होकार घेतला पाहिजे. पहिली मान्य झाली. दुसरीवर अजून 'वरिष्ठांशी बोलून कळवतो' चालू आहे. तोवर माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.